अक्षता, रॅम आणि सोळा कोअर

सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर लग्नाच्या तीन तासांच्या व्हिडिओत २,७०,००० फ्रेम भरतात. फुल एचडीतली एकेक फ्रेम कच्च्या स्वरूपात सुमारे ३१ लाख बाइट्सची, म्हणजे सगळा ऐवज ८०० जीबीच्या वर जातो. नवरदेवाचे मामा मात्र १६ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन स्टुडिओत हजर असतात. या दोन आकड्यांमधली दरी बुजवण्याच्या कामाला एन्कोडिंग म्हणतात.

एच.२६४ या २००३ पासूनच्या पद्धतीत फ्रेमचे १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनासारखा दिसणारा तुकडा आधीच्या किंवा नंतरच्या फ्रेममध्ये हुडकायचा आणि तो कुठून कुठे सरकला, एवढंच लिहून ठेवायचं. आहेराचं पाकीट हातात धरून फोटोला ताठ उभे राहिलेले पाहुणे म्हणजे एन्कोडरचे लाडके जावई. भिंत हलत नाही आणि पाहुणेही हलत नाहीत. खरी परीक्षा ‘सावधान’ला होते. अक्षतांचा दाणा चौकोनापेक्षा लहान. त्यात प्रत्येक दाणा आपापल्या वाटेने जाणार. काही वधूवरांवर, बरेचसे भटजींवर आणि उरलेले पुढच्या रांगेतल्या टकलावर. मागच्या फ्रेममध्ये जोडीचा तुकडा सापडतच नाही, आणि पडद्यावरचा वेगाचा आकडा धाडकन खाली येतो.

हा शोध म्हणजे नुसती आकडेमोड, आणि ती प्रोसेसर करतो. तरीही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत मिळणारा पहिला सल्ला ठरलेला: ‘रॅम टाकून घ्या.’ कारण सोपं आहे. प्रोसेसर बदलायचा तर बहुधा मदरबोर्डही बदलावा लागतो. रॅमची पट्टी खाचेत दाबली, ‘टक’ आवाज आला, की सुधारणा झाल्याचं समाधान तिथल्या तिथे मिळतं.

एन्कोडरची भूक प्रत्यक्षात माफक असते. एक्स२६४ हा एन्कोडर नेहमीच्या सेटिंगवर पुढच्या ४० फ्रेम आधी न्याहाळतो. त्यांना सव्वाशे एमबी पुरतात. बाकीचा पसारा धरूनही साध्या फुल एचडी कामाला ८ जीबीत अडचण येत नाही. त्याच वेळी एडिटिंगचं सॉफ्टवेअर आणि ब्राउझरचे तीस टॅब उघडे असतील, तर गोष्ट वेगळी. रॅम संपली की संगणक हार्ड डिस्कवर उसनवारी करतो, आणि तिथला एकेक फेरा रॅमच्या मानाने सुमारे लाखपट सावकाश. अशा वेळी रॅम वाढवली की चमत्कार घडतो. ती आधीच पुरत असेल, तर ८ च्या ३२ जीबी केल्या तरी काटा हलत नाही. एकाऐवजी दोन पट्ट्या बसवल्याने थोडा फरक पडतो, पण त्यावर पेढे वाटू नयेत.

प्रोसेसरचे कोअर वाढवले की वेग खराच वाढतो, पण जाहिरातीतल्या हिशेबाने नाही. वाढपी कितीही लावले तरी मंगलाष्टकं संपल्याखेरीज पंगत बसत नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम हेच गणितात सांगतो. समजा, १० टक्के काम एकामागून एकच करावं लागतं. मग ४ कोअरवर वेग तिप्पट होतो आणि १६ कोअरवर साडेसहापटसुद्धा होत नाही. वधूवरांची नावं सोनेरी अक्षरांत गरगर फिरवत आणणारं जुनं प्लगइन एकच कोअर राबवत असेल, तर उरलेले पंधरा मांडवातल्या व्याह्यांसारखे नुसते बसून राहतात.

कोअर तेवढेच ठेवून पिढी बदलली तरी लाभ होतो. २०१३ पासून इंटेलच्या प्रोसेसरमध्ये आलेल्या एव्हीएक्स२ सूचना एका दमात ३२ बाइट्सवर हिशेब करतात, आणि पिक्सेलच्या कामाला हेच हवं असतं. आता उष्णता. तापलेला प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. म्हणूनच ऐन लग्नसराईत कॅबिनेटचं झाकण काढून त्यावर टेबल फॅन रोखलेला दिसतो. आतली धूळ झटकली तर अर्धं काम होईल. पण धुळीचं बिल लावता येत नाही.

घाई असणाऱ्यांसाठी चिपमध्येच एन्कोडिंगचं वेगळं सर्किट असतं. इंटेलचं क्विक सिंक २०११ चं, एनव्हिडियाचं एनव्हीएन्क २०१२ चं. ते कितीतरी पट वेगवान. मात्र तेवढ्याच आकाराच्या फाइलमध्ये सावकाश चालवलेल्या एक्स२६४ इतकी सफाई सहसा येत नाही, आणि ते आधी अक्षतांमध्ये दिसतं.

एवढं करून वाचवलेला वेळ फोरके खाऊन टाकतं: पिक्सेल चौपट, त्यात एच.२६५ ची आकडेमोड एच.२६४ हून जड. नवा प्रोसेसर जुन्याइतकाच वेळ घेऊ लागतो. फाइल एकदाची तयार होते, मामांच्या पेन ड्राइव्हवर चढते. मग मामा त्यातली मंगलाष्टकांची क्लिप कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतात, आणि व्हॉट्सअ‍ॅप ती पाठवण्याआधी मामांच्या फोनमध्येच पुन्हा एन्कोड करतं.