थॅकोराव

नवं रूलबुक आलं की थॅकोरावांची कंबर धरते. नेमकी त्याच रविवारी, ज्या दिवशी डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने, 'आता नव्या एडिशनवर जायचं का?' असं विचारायचं ठरवलेलं असतं. तरी पट्टा बांधून येतात. आपल्या गैरहजेरीत मतदान उरकलं तर काय घ्या!

शिकागोच्या उपनगरात वाढलेला हा गोरा गृहस्थ. 'राव' मी लावलं. ज्या बेसमेंटमध्ये आम्ही खेळतो, तिथल्या बाकी मंडळींना ते आडनाव वाटतं. 'थॅको' मात्र 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या आमच्या खेळाच्या 1989 सालच्या दुसऱ्या एडिशनमधला आकडा. शत्रूचं चिलखत शून्य असेल तर वार लागायला वीस बाजूंच्या फाशावर किती पडायला हवेत, तो. मेख अशी, की चिलखत जितकं भारी तितका त्याचा आकडा कमी, आणि फारच भारी असलं तर शून्याच्याही खाली. उणे दोनवाला राक्षस समोर आला की थॅकोराव डोळे मिटतात. "माझा थॅको नऊ. नवातून उणे दोन वजा. म्हणजे अधिक दोन. अकरा!" फासा पडतो, तीन येतात, आणि हे तृप्त होऊन मागे टेकतात. वार हुकला तर हुकला, हिशेब तर बरोबर आला! 2000 साली तिसऱ्या एडिशनने हे सगळं उलटं करून साधी बेरीज आणली. तिला ते अजून बालवाडी म्हणतात.

त्यांचं खेळातलं पात्र नोम, म्हणजे एका बुटक्या जमातीतलं. साडेतीन फुटी, लढवय्या आणि मायावी जादूगार एकाच अंगात. थॅकोरावांचा खरा संताप या नोमपायी आहे, आणि माझ्या मते तो रास्त आहे. 2008 साली चौथी एडिशन आली, तेव्हा खेळाडूंच्या मूळ पुस्तकात नोमच नाही! शोधाशोध केली तर सापडला राक्षसांच्या पुस्तकात. ज्याच्या जिवावर इतकी वर्षं गुहा पालथ्या घातल्या, तो एका रात्रीत मारायच्या प्राण्यांत जमा. पुढच्या वर्षी दुसऱ्या भागात त्याला परत घेतलं म्हणा. पण रेशनकार्डावरून एकदा नाव कापलं गेलेल्या माणसाला विचारा, पुन्हा चढवल्याने राग जातो का ते.

प्रकाशकांनीही काही कमी केलं नाही. 'फरगॉटन रेल्म्स' या कथाविश्वात नियम बदलले की उत्पात ठरलेला. दुसऱ्या एडिशनमधून मारेकऱ्यांचा पेशा वगळला, तर कथेतले मारेकरीच सरसकट मेले. चौथीच्या वेळी जादूच्या देवीचा खून पडला. "देवी मारल्याशिवाय जे बदलता येत नाहीत, ते नियम बदलता कशाला?" हा थॅकोरावांचा बिनतोड सवाल. डीएम चिप्सची वाटी पुढे सरकवतो.

आता खरी गोम. दुसऱ्या एडिशनच्या मूळ तक्त्याप्रमाणे नोम लढवय्याला अकराव्या पातळीच्या वर जाताच येत नाही. थॅकोरावांचा नोम बाराव्या पातळीवर आहे. त्याशिवाय थॅको नऊ येईलच कुठून? ही मर्यादा साफ उठवली ती तिसऱ्या एडिशनने, म्हणजे त्या बालवाडीने. आमच्याकडे ती सवलत कुणी, कधी, कोणाच्या दडपणाखाली दिली, हे डीएम सांगत नाही. विषय निघाला की थॅकोराव म्हणतात, "ते आपलं घरचं ठरलेलं आहे." आणि कागदावर काहीतरी खोडतात. खोडून खोडून त्या कागदाला मधोमध भोक पडलंय, पण नवा कागद घ्यायचा म्हटलं तरी त्यांची कंबर धरते.

2014च्या पाचव्या एडिशनसाठी आमच्यात जे तावातावाने भांडले, ते कोऱ्या करकरीत पुस्तकांसह केव्हाच गळाले. कुणाला बाळ झालं, कुणाची बदली. 2024च्या सुधारित पुस्तकांसाठी भांडायला नवी मंडळी आली आहेत. थॅकोराव मात्र दर रविवारी सगळ्यांच्या आधी हजर.

तुमच्याही टेबलावर असे कुणी असतील तर मतदान खुशाल घ्या. फक्त त्यांचं पात्र नव्या नियमांत उतरवायचं काम त्यांच्याच हाती सोपवू नका. ते त्यांना पुढच्या एडिशनपर्यंत पुरतं.