फांदी, कावळा आणि फिशरसाहेबांचा पाइप

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढे मराठी माणसाला शाळेत न जाताही कळते. संख्याशास्त्रात हेच ‘सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे’ असे फी घेऊन शिकवतात.

तरी 2012 साली डॉ. फ्रांझ मेसर्ली यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या भारदस्त नियतकालिकात 23 देशांचा हिशेब मांडला. जिथे दरडोई चॉकलेट जास्त, तिथे लोकसंख्येच्या मानाने नोबेलही जास्त. सहसंबंध 0.791! माणशी वर्षाला 400 ग्रॅम जादा खा, कोटीमागे एक नोबेल पदरात. पहिला नंबर स्वित्झर्लंडचा. मेसर्ली स्वतः मूळचे स्विस, आणि आपण रोज चॉकलेट खातो हे त्यांनी लेखातच सांगून टाकले होते. थट्टा उघड होती. तरी कित्येक वर्तमानपत्रांनी ती बातमी म्हणून छापली. श्रीमंत देशात चॉकलेटलाही पैसा असतो आणि प्रयोगशाळेलाही, ही किरकोळ बाब मथळ्यात मावत नाही.

खरी मौज पुढेच आहे. 1950 साली डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या इस्पितळांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे 649 पुरुष रुग्ण तपासले. त्यांत धूम्रपान न करणारे निघाले फक्त 2. पुढे हरकत घेतली ती साक्षात रोनाल्ड फिशर यांनी. आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणारा माणूस, तोंडात पाइप. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, असे त्यांनी बजावले. कदाचित एकाच आनुवंशिक घडणीमुळे माणूस सिगारेटही ओढत असेल आणि आजारीही पडत असेल. किंवा कर्करोगाआधी फुप्फुसांत होणाऱ्या दाहावर उतारा म्हणून तो सिगारेट पेटवत असेल. म्हणजे फांदी मोडायला आलीच होती, तिनेच कावळ्याला बोलावणे धाडले!

फिशर तंबाखू उत्पादकांचे सल्लागार होते, हा अर्थातच निव्वळ योगायोग.

डॉल यांनी मात्र स्वतःचेच आकडे पाहून सिगारेट सोडली.

फिशरसाहेबांचा वारसा आपल्याकडेही पोचला. पाकिटावरचा इशारा 85 टक्के जागा व्यापणार, असे ठरल्यावर मार्च 2015 मध्ये संसदीय समितीचे अध्यक्ष, नगरचे तत्कालीन खासदार म्हणाले की, तंबाखूने कर्करोग होतो हे सिद्ध करणारी भारतीय पाहणीच नाही; झाल्या त्या सगळ्या परदेशांत. परळचे टाटा रुग्णालय 1941 पासून भारतातच आहे, पण ते बहुधा वाटेत लागले नसावे. 1 एप्रिल 2015 ला येणारा तो इशारा 1 एप्रिल 2016 ला आला.