म्हशीचं थेट प्रक्षेपण

आष्ट्यात आमच्या घरी फायबर आलं ते सोप्याच्या खिडकीतून. जोडायला आलेल्या पोराची वायर जिथं संपली, तिथंच त्यानं खिळा ठोकला आणि राउटर टांगला. राउटर घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी असावा असं शास्त्र सांगतं. पण वायरीच्या लांबीपुढं शास्त्राचं काही चालत नाही.

आमचं घर लांबडं. पुढं सोपा, मधे दगडमातीच्या जाड भिंतींचं माजघर, भिंतीला टेकून स्टीलची मांडणी, मागं स्लॅबच्या खोल्या, मग परडं आणि परड्यात गोठा. मातीची भिंत लहरी गिळते, पावसाळ्यात ओल धरली की जास्तच. जे काही तिच्यातून पलीकडं निघतं ते मांडणीतले हंडे-कळशा आल्या पावली परत पाठवतात. ती मांडणी हलवा असं वहिनींना सांगणारा तंत्रज्ञ अजून जन्माला यायचाय.

संध्याकाळी वहिनींची मालिका, मागच्या खोलीत पुतणीची पुण्याच्या कंपनीबरोबरची मीटिंग, पुतण्याचा गेम आणि अण्णांचा मोबाइल हे सगळं एकदम सुरू होतं आणि एकदमच अडकतं. मालिकेतली सासू तोंड उघडून तशीच थिजते. पुतणी ओरडते, "काका, माझा आवाज जातोय का?" तो सांगलीपर्यंत जात असतो, फक्त लॅपटॉपमधून जात नाही. आरोपी ठरलेला : पुतण्या. खरं तर खेळ चालू असताना गेमला डेटा फारच थोडा लागतो, तो फक्त वेळेवर लागतो. पण आमच्या घरात साक्षी-पुरावा निकालानंतर घेतात.

कंपनीला फोन केला की तिकडून एक गोड आवाज सांगतो, "सर, राउटर बंद करून चालू करा." आणि गंमत म्हणजे, तेवढ्यानं तासभर बरं चालतं. बरेच राउटर चालू होताना त्यातल्या त्यात मोकळं चॅनेल शोधून बसतात, म्हणून. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडं चॅनेल १३, पण एकमेकांच्या अंगावर न जाणारी एका वेळी तीनच : १, ६ आणि ११. गल्लीतले सगळे राउटर त्यातच दाटीवाटीनं बसलेले. शेजारच्यांचा राउटर आपल्या हद्दीत येतोय म्हटल्यावर अण्णांनी लगेच विचारलं, "मोजणी आणायची का?"

वास्तविक ही यंत्रं आमच्यापेक्षा सभ्य. १९७१ साली हवाई विद्यापीठातल्या नॉर्मन अब्रॅमसन यांनी बेटाबेटांवरचे संगणक रेडिओनं जोडले, तेव्हा दोघं एकदम बोलले तर दोघांनीही थोडं थांबून पुन्हा बोलायचं असं ठरलं. वायफाय त्याच्याही पुढं गेलं : आधी कानोसा घ्यायचा, कुणी बोलत असेल तर गप्प राहायचं. आमच्या माजघरात ही पद्धत आली तर जेवणं अर्ध्या वेळात उरकतील.

मग एकेक यंत्र बंद करून पाहायचं ठरलं. राउटरजवळ उभं राहिलं की वेग झकास, म्हणजे कंपनी सुटली. पुतण्याचा मोबाइल बंद केला, फरक शून्य. निर्दोष सुटलेला पुतण्या कॉलर ताठ करून घरभर हिंडला. टीव्ही बंद करायला वहिनींनी जाहिरातीपुरती परवानगी दिली. तरी काही नाही. शेवटी राहिला गोठ्यातला कॅमेरा.

म्हैस गाभण, म्हणून अण्णांनी तो बसवलेला. अंथरुणावर पडल्या पडल्या ते मोबाइलवर म्हैस बघतात. गोठा त्यांच्या खाटेपासून हाकेच्या अंतरावर, पण चित्र सोप्यातून निघून कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर जातं आणि तिथून अण्णांच्या उशाशी परत येतं. म्हैस बहुतेक वेळ रवंथ करते, तेही अहोरात्र प्रक्षेपित होतं.

कॅमेऱ्याला फक्त २.४ चा पट्टा कळतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण आमच्या भिंतीपुढं हात टेकतो, म्हणून पुतणीचा लॅपटॉपही २.४ वरच. त्यात गोठा लांब. सिग्नल कमकुवत झाला की यंत्र सावकाश बोलतं, आणि तेवढ्याच चित्राला कितीतरी जास्त वेळ हवा अडवून ठेवतं. हंगामात सांगली रस्त्यावर दोन ट्रॉल्या ऊस भरलेला ट्रॅक्टर पुढं लागला की मागच्या मोटारीला कितीही जोर असू दे, तिची चाल ट्रॅक्टरचीच.

कॅमेरा बंद केला आणि सासूनं मिटलं एकदाचं तोंड. पण म्हैस दिसेना म्हणून अण्णा हवालदिल. "रातीत व्याली म्हंजे?"

"उठून बघून यायचं, अण्णा."

"मग कॅमेरा कशाला घेतलाय रं?"

तोड वायरमननं काढली. राउटरपासून गोठ्यापर्यंत सरळ केबल ओढली. शंभर मीटरपर्यंत तिला काही होत नाही. ती माजघरातून, मांडणीच्या वरून, परड्यातून गेली. वहिनींनी परड्यातल्या तुकड्यावर टॉवेल वाळत घालून पाहिले आणि केबल पसंत केली. पुतणीच्या मीटिंगा सुरळीत झाल्या. म्हैस आता इतकी स्वच्छ दिसते की अण्णांनी चष्मा न लावता तिच्या पाठीवरचा गोचीड शोधून काढला.

कालच त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ही केबल रानातल्या हळदीपातूर न्हेली तर किती लागंल रं?"