धर्माची गाय आणि सिमेंटचा रस्ता

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर शहाड आणि टिटवाळा यांच्या मधे आंबिवली येतं. टिटवाळ्याला गणपती, शहाडला बिर्ला मंदिर. आंबिवलीला उतरणारा माणूस मात्र देवदर्शनाला आलेला नसतो, घरी निघालेला असतो. स्टेशनातून चाळीपर्यंत जाताना त्याच्या चपलेखालून थोडं डांबर जातं, थोडं सिमेंट, थोडे पेव्हर ब्लॉक आणि थोडी शुद्ध माती. हे सगळे वेगवेगळ्या निधींचे तुकडे. रस्ता कुठे संपावा हे वस्ती ठरवत नाही, मंजूर रक्कम ठरवते. एखाद्या कोपऱ्यावर ब्लॉक एकदम थांबतात. पलीकडे राहणाऱ्यांनी काही पाप केलेलं नसतं. त्यांचं लेखाशीर्ष वेगळं असतं.

निधींची नावं आता पोराबाळांनाही पाठ आहेत. खासदार निधी डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाला. पहिल्या वर्षी प्रत्येकी ५ लाख रुपये होते, २०११-१२ पासून वर्षाला ५ कोटी झाले. महाराष्ट्रात आमदार निधीही २०२२ मध्ये ५ कोटींवर गेला. खाली नगरसेवक निधी, बाजूला वस्ती सुधारणेच्या योजना. इतके निधी एकाच गल्लीकडे प्रेमाने बघू लागले की गल्ली तरी काय करणार? ती उंच होत जाते.

ही उंची आमच्या शेजारच्या काकूंनी सगळ्यात आधी ओळखली. जुन्या डांबरावर खडी पडली, खडीवर सिमेंट आलं. मी म्हटलं, "काकू, रस्ता छान झाला की!" त्या म्हणाल्या, "छान झालाय रे, पण तो वर आला आणि माझं घर खाली गेलं." पूर्वी त्या दोन पायऱ्या चढून घरात जात, आता एक उतरून जातात. पावसाळ्यात पाणीही त्याच पायरीने येतं, आणि चपला बाहेर काढून येत नाही.

भूमिपूजन मात्र बघण्यासारखं असतं. मांडव, सतरंजी, नवी कोरी कुदळ, दोन नारळ (एक फुटला नाही तर असावा म्हणून). आचारसंहिता तोंडावर आली की एकाच सकाळी इतके नारळ फुटतात की चटणीची सोय होते. त्यानंतर दगडी फलक बसतो. त्यात निव्वळ हौस नाही बरं का. खासदार निधीच्या नियमांतच कामाच्या जागी नाव, खर्च आणि तारखा सांगणारा फलक हवा असं म्हटलं आहे. फलक ग्रॅनाइटचा आणि रस्ता डांबराचा असल्यामुळे रस्ता गेल्यावरही तो इथे होता याचा पुरावा राहतो. सिमेंटच्या रस्त्याचं खरं उद्घाटन पाहुण्यांच्या हातून होतच नाही. काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी मोजायची रीत आहे. गल्लीतला कुत्रा पहिल्याच रात्री चालून पायांचे ठसे उमटवतो. पुढे पाण्याची लाइन, मग केबल, मग कुणाचं नळजोडणीचं काम, आणि रस्त्याला टाके पडू लागतात.

नोव्हेंबर २०२० मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत संपली आणि कारभार काही वर्षं प्रशासकांकडे राहिला. तेव्हा नारळ कुणाच्या हस्ते, हा प्रश्न पडला. चढ-उतार कुणी मोजला, हा प्रश्न त्याआधीही कुणी विचारत नव्हतं. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं म्हणायचा आपल्याला संकोच वाटतो. कुणी रस्ता 'दिला', तर उतार कुठल्या बाजूला हे कसं विचारायचं?

पण गाय धर्माची नाहीच. खासदार काम सुचवतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं आणि पैसे तुमच्या-माझ्या करातले असतात. अमेरिकेतही १९७४ च्या कायद्याने वस्ती-विकासाचं अनुदान सुरू झालं. तिथली शहरंही त्यातून गल्ल्या आणि पदपथ करतात, पण खर्चाचा बेत ठरवताना नागरिकांची जाहीर सुनावणी घ्यावी लागते. आपल्याकडे तशी सोय नाही असं नाही. महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभांची तरतूद केली. मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागातली कामं आणि त्यांचा क्रम सुचवावा, एवढीच तिची कल्पना. भूमिपूजनाला जमतात त्याच्या निम्मे लोक तिथे जमले तरी पुष्कळ झालं. फक्त तिथे वडापाव मिळेल याची हमी नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी मांडव दिसला की टाळ्या जरूर वाजवा, पण आधी तीन प्रश्न विचारा. जुना थर खरवडणार का? गटार कधी होणार? रस्ता बिघडला तर किती वर्षं ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायचा? उत्तरं पटली तर नारळ फोडायला काकूंना पुढे करा. आधी गटार, मग रस्ता आणि सगळ्यात शेवटी फलक, एवढा क्रम सांभाळला तरी निम्मा विकास झाला म्हणायचा.