शेवटचे सहा किलोमीटर

मे महिन्यात बसवलेल्या डिशवर विश्वास ठेवू नका. आभाळ निरभ्र असतं, पडद्यावर चित्र काचेसारखं स्वच्छ दिसतं, बसवणारा मुलगा रिमोट हातात देतो, कागदावर सही घेतो आणि मोटारसायकलवर टांग मारून पुढच्या वाडीला निघून जातो. डिश नीट बसली की नाही, हे कळायला मृगाचा पाऊस यावा लागतो.

राजापूरजवळ माझ्या मावशीकडे हेच झालं. जूनमध्ये ढग भरून आले की बातम्या देणारीच्या चेहऱ्याचे चौकोन व्हायचे, आवाज तुटायचा आणि मग काळ्या पडद्यावर ‘सिग्नल नाही’. कधी अंगणात थेंबही पडलेला नसायचा. फक्त आग्नेयेला, घाटाच्या अंगाला, काळं झालेलं असायचं. मावशीने कंपनीला फोन केला. उत्तर आलं, ‘काकू, पावसात सगळ्यांचंच जातं.’ दुसऱ्या वेळी तेच, तिसऱ्या वेळीही तेच.

मला राग आहे तो या उत्तराचा. त्यात अर्धं सत्य आहे, आणि त्या अर्ध्या सत्याच्या आडोशाला कितीतरी आळशी काम लपतं.

खरं काय तेही सांगतो. डीडी फ्री डिशच्या वाहिन्या ज्या जीसॅट-१५ वरून येतात, तो उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच आहे. कोकणातून पाहिलं तर तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंशांवर येतो. घरगुती डिश ज्या केयू बँडवर चालते, त्याच्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या. पावसाचा टपोरा थेंब काही मिलिमीटरचा. इतक्या तोडीस तोड मापामुळे थेंब या लहरी शोषतात आणि विखरून टाकतात. पावसाळ्यात आपल्याकडे पाण्याचे थेंब साधारण पाच किलोमीटर उंचीपर्यंत असतात. म्हणजे ३६,००० किलोमीटर बिनबोभाट आलेला सिग्नल शेवटच्या सहा किलोमीटरांत मार खातो. आणि हे सहा किलोमीटर तिरके असल्यामुळे घरापासून तीन किलोमीटरांच्या आत आग्नेयेला पाऊस कोसळत असेल, तरी तुमच्या कोरड्या अंगणातलं चित्र जातं. मावशीचं निरीक्षण अगदी बरोबर होतं.

पण मग त्याच वाडीतल्या शेजाऱ्याचं चित्र सरीच्या ऐन जोरात दोन-चार मिनिटं जाऊन परत येतं आणि मावशीचं तासभर जातं, ते का? दोघांचा उपग्रह एक, पाऊस एक. फरक डिशमध्येच असणार.

जुन्या अँटेनाच्या काळात बिघाड लपायचा नाही. कौलांवर चढलेला भाऊ अँटेना फिरवायचा, खालून कोणीतरी ‘आलं, आलं, थोडं गेलं’ ओरडायचं. सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, आणखी कमी झाला की आणखी मुंग्या. चित्र विटायचं, पण आवाज ऐकू यायचा, सामन्याचा स्कोअर कळायचा. किती बिघडलंय, हे डोळ्यांना दिसायचं.

डिजिटल चित्र तसं विटत नाही. सिग्नलसोबत चुका दुरुस्त करणारी जादा माहिती पाठवलेली असते. वाटेत काही हरवलं तर सेट-टॉप बॉक्स त्या माहितीवरून ते भरून काढतो, आणि पडद्यावर ओरखडाही दिसत नाही. एका मर्यादेपर्यंत हे चालतं. मर्यादा ओलांडली की चौकोन, आणि लगेच अंधार. म्हणून निरभ्र दिवशी उत्तम बसलेली डिश आणि अंशभर चुकलेली डिश तंतोतंत सारखं चित्र दाखवतात. पहिलीकडे पावसासाठी शिल्लक असते, दुसरीची शिल्लक बसवतानाच उधळलेली असते. पडद्याकडे बघून ‘आलं बघा चित्र’ म्हणणाऱ्याने काहीच तपासलेलं नसतं.

तपासायची जागा बॉक्सच्या मेनूत आहे. तिथे दोन पट्ट्या दिसतात: स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ म्हणजे एकूण किती जोर पोचतो, त्यात गोंगाटही आला. क्वालिटी म्हणजे त्या गोंगाटातून खरा सिग्नल किती स्पष्ट कळतो. पहिली पट्टी भरलेली आणि दुसरी अर्ध्यावर, असं सर्रास आढळतं. कारणंही साधीच असतात. छत्री किंचित चुकीच्या दिशेला असते. छत्रीपुढचा, सिग्नल टिपणारा एलएनबी जितका कलता हवा तितका कललेला नसतो. केबलच्या टोकाचा कनेक्टर नुसता खुपसून वर चिकटपट्टी गुंडाळलेली असते, आणि पहिल्याच पावसात तिथे पाणी शिरतं. हे तिन्ही दोष दूर करायला नवं यंत्र लागत नाही, वीस मिनिटं लागतात. पण बसवणाऱ्या मुलाला नगावर पैसे मिळत असतील आणि दिवसाला आठ घरं उरकायची असतील, तर ती वीस मिनिटं तो कुठून आणणार? दोष त्याचा कमी, त्याला पळवणाऱ्यांचा जास्त.

छत्रीच्या मापाचंही तेच. ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री लावली तर सिग्नल गोळा करणारं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीत आणि जेमतेम पाचशे मिलिमीटर पडणाऱ्या माणदेशात एकाच मापाची छत्री का द्यायची? ग्राहकाला निदान विचारा तरी.

वरच्या बाजूलाही शिल्लक खाल्ली जाते. उपग्रहावरून सिग्नल खाली पाठवणाऱ्या एका ट्रान्सपाँडरची क्षमता ठरलेली असते. दुरुस्तीची माहिती जास्त ठेवली तर पावसाला तोंड देता येतं, पण वाहिन्या कमी बसतात. ती कमी केली, प्रत्येक वाहिनीच्या वाट्याचे बिट छाटले, की जास्त वाहिन्या कोंबता येतात. मग कबड्डीच्या चढाईत खेळाडूभोवती धूसर वलय येतं, मैदानातलं गवत हिरव्या लेपासारखं दिसतं. ही फसवणूक मला सिग्नल जाण्याइतकीच लागते, कारण इथे पाऊसही नसतो. १९२० बाय १०८० चा पडदा आपण कर्ज काढून घेतो आणि त्यावर पिळून काढलेलं चित्र बघतो. २०१९ साली नवी दररचना आली, १३० रुपयांत १०० वाहिन्या, वर कर. वाहिन्या मोजल्या गेल्या. चित्र कसं असावं, हे बिलाच्या कुठल्याच ओळीत आलं नाही.

आणि जमिनीवरून येणारा सिग्नल? मनोऱ्यावरून निघणाऱ्या, हातभर ते पुरुषभर लांबीच्या लहरींना पावसाचं काही वाटत नाही. दूरदर्शनने ॲनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने मार्च २०२२ पर्यंत बंद केले, मोक्याच्या जागचे सुमारे पन्नास सोडून. तंत्र जुनं झालं होतं, बंद करण्याला माझा विरोध नाही. पण त्या जागी सगळीकडे जमिनीवरचं डिजिटल प्रसारण यायला हवं होतं. ते २०१६ मध्ये सुरुवातीला १६ शहरांत सुरू झालं, त्यात मुंबई होती. ज्या किनाऱ्याला वादळाची बातमी सगळ्यांत आधी हवी, त्याला मात्र पावसाने विझणाऱ्या छत्रीवर सोडलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. वादळात विजेचे खांब आडवे होतात, हे खरं. पण खांब पडण्याआधीच्या ज्या तासांत घर सोडायचं की थांबायचं हे ठरतं, त्याच तासांत ढग दाटलेले असतात आणि छत्री मुकी होते. हा प्रश्न मालिकेचा भाग चुकण्याचा नाही.

माझी मागणी एका ओळीची आहे. डिश बसवल्याच्या कागदावर ग्राहकाच्या सहीच्या वर क्वालिटीचा आकडा लिहायचा, आणि पावसाळ्यात तक्रार आली की आधी तो आकडा पुन्हा मोजायचा.

मावशीकडे शेवटी तालुक्याच्या गावातला एक जुना मेकॅनिक आला. मी मेनू उघडून दाखवला, क्वालिटी ४८. त्याने छत्री बोटभर पूर्वेला सरकवली, एलएनबी किंचित फिरवला, कनेक्टर कापून नवा बसवला. आकडा ७६ वर गेला. पडद्यावरच्या चित्रात तसूभर फरक पडला नाही. मावशीने जूनच्या पानावर पेनाने ७६ लिहिलं आणि कॅलेंडर टीव्हीशेजारच्या खिळ्याला टांगलं.