गॅलरीतल्या हवामान खात्यास अनावृत पत्र

प्रति,
श्री. अण्णा,
संचालक (स्वयंनियुक्त), हवामान, चहा व न्याहारी विभाग,
डिप्लोमा बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप,
मुक्काम पुलाची शिरोली, तालुका हातकणंगले.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, जुलैतल्या त्या सकाळी आपल्या वडगावच्या मित्रानं ग्रुपवर एक साधा प्रश्न विचारला होता. आईला डायलिसिससाठी पेठ वडगावहून कोल्हापुरात न्यायचं होतं, नऊची वेळ मिळालेली. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फुटांची धोका पातळी ओलांडून वर चढली होती. त्यानं विचारलं, ‘शिरोलीच्या पुलाजवळ रस्त्यावर पाणी आलंय का? गाड्या सुटतायत का?’

उत्तरादाखल आधी जोडलेले दोन हात आले. मग पुण्याहून ‘काळजी घे रे’. मग नाशिकहून ‘आमच्याकडे नुसती भुरभुर’. आणि मग आपला निरोप अवतरला : ‘इकडे धो धो. मस्त गारवा. कांदाभजी चालू.’ सोबत फोटो.

तो फोटो बारकाईनं पाहण्यासारखा आहे. स्टीलची ताटली, तिच्यात तेल पिऊन पारदर्शक झालेला वर्तमानपत्राचा तुकडा, त्यावर सात-आठ भजी आणि मीठ लावलेली तळलेली मिरची. शेजारी चहाचा कप. मागं गॅलरीचे गज. आणि गजांच्या पलीकडे, कॅमेऱ्याचं सगळं लक्ष भज्यांवर असल्यामुळं पुसट झालेला, पुणे-बंगळूर हायवे. त्यावर ट्रकची रांग, एकामागं एक, जागच्या जागी. म्हणजे वडगावकराच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच फोटोत होतं, अण्णा. भज्यांच्या मागं.

ते त्याला दिसलं नाही, कारण तो तोवर गाडी काढून निघाला होता. पुढं त्याच रांगेत अडकला. पुढं सरकता येईना, मागं वळता येईना. आई मागच्या सीटवर उशीला टेकून पडलेली. दोनेक तासांनी उलट दिशेनं वाट मिळाली तेव्हा डायलिसिसची पाळी गेलेली होती. तेवढ्या वेळात ग्रुपवर आपल्या भज्यांना बदाम पडत होते आणि ओवा घालावा की नाही यावर चर्चा रंगली होती.

या कामगिरीबद्दल आपलं अभिनंदन करावं म्हणून हे पत्र आहे. भारतीय हवामान खातं 1875 मध्ये स्थापन झालं. पुण्यात शिवाजीनगरला त्याची जी जुनी इमारत आहे, तिला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात, कारण खात्याचं मुख्यालय सिमल्याहून तिथं आलं होतं. पुढं ते दिल्लीला गेलं. एवढी बिऱ्हाडं हलवून, एवढी यंत्रं लावून ते खातं रोज सकाळी साडेआठला मागच्या 24 तासांचा पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतं. 64.5 मिलिमीटरपासून पुढं ‘जोरदार’, 115.6 पासून ‘अति जोरदार’ आणि 204.5 च्या पुढं ‘अत्यंत जोरदार’, अशी त्यांची प्रतवारी. आपलं मात्र सगळं एकाच मापात बसतं : धो धो. कमी पडलाच तर रिमझिम. तिसरी प्रत आपल्या खात्यात नाही.

याच ग्रुपवर दापोलीचा एक सभासद आहे. त्यानं अंगणात पर्जन्यमापक लावलाय. पावसाळाभर तो सकाळी नियमानं टाकतो : ‘दापोली, सकाळी 8.30 पर्यंत 24 तासांत 112 मिमी.’ गाव आहे, वेळ आहे, आकडा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरमागं एक लिटर पाणी. तेव्हा त्या माणसाच्या अंगणात प्रत्येक चौरस मीटरवर 112 लिटर ओतलं गेलं, एवढं त्या एका ओळीत कळतं. त्याला उत्तर काय येतं? एखादा अंगठा. तोही बहुधा चुकून दाबलेला. मग पाच मिनिटांत आपला प्रश्न येतो, ‘कोकणात पाऊस कसा आहे?’

हीच खरी व्यथा आहे. विचारायचं सगळ्यांना असतं, वाचायचं कुणालाच नसतं. ‘तिकडे काय परिस्थिती?’ असं विचारणारा माणूस उत्तर यायच्या आत फोन खाली ठेवून आंघोळीला गेलेला असतो. आणि सांगणारा सांगतो तेही गाव न सांगता, वेळ न सांगता. निरोप सकाळी टाकलेला, वाचणारा दुपारी वाचतो आणि गच्चीवर वाळत टाकलेले पापड आत घेतो; बाहेर तोवर ऊन पडलेलं असतं.

जागेला किती महत्त्व असतं, हे महाराष्ट्राला एकदा जबर किंमत देऊन कळलंय. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच दिवशी, त्याच मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत फक्त 73. कुलाब्याच्या गॅलरीतून कुणी त्या दिवशी ‘मुंबईत विशेष काही नाही’ असं कळवलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं. आणि ते वाचून कुर्ल्याला निघालेल्या माणसाचं काय झालं असतं, ते अण्णा, आपण त्या कपातला चहा बाजूला ठेवून एकदा ताडून बघावं.

बाकीच्या तक्रारी एकेका ओळीत उरकतो, कारण त्यांची आता सवय झाली आहे. ‘आज रेड अलर्ट’ हा आपला लाडका निरोप तारखेशिवाय फिरतो, त्यामुळं तो आजचा की गेल्या वर्षीचा, हे समजायला पंचांग लागतं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा; हे रंग जिल्ह्याजिल्ह्याला दिलेले असतात आणि रोज बदलतात, एवढं तरी ध्यानात असावं. एप्रिलात मोबाइलवर 41 अंश दिसले की आपण ‘उष्णतेची लाट आली’ म्हणून जाहीर करता. खात्याच्या हिशेबात मैदानी भागात 40 ओलांडून भागत नाही; पारा सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी वर असावा लागतो, नाहीतर थेट 45 गाठावे लागतात. अक्षय्य तृतीया झाली की भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीत आपण चार वेळा टाकता, चार वेगवेगळ्या शब्दांत. न्यू जर्सीच्या मित्रानं जानेवारीत ‘आज 20’ लिहिलं तेव्हा आपण ‘वा, आल्हाददायक’ म्हणालात. ते फॅरनहाइट होते, अण्णा. शून्याखाली जवळजवळ सात अंश.

सुप्रभातच्या गुलाबाविषयी तर बोलायलाच नको. भारतीयांचे फोन या चित्रांनी तुंबतात, ही गोष्ट 2018 मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात छापून आली होती. कंपन्यांना ती चित्रं हुडकून पुसून टाकायची सोय करावी लागली. त्याच वर्षी अफवांपायी माणसं मारली गेल्यावर व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी ढकलता येईल, असं बंधन घातलं. आपण त्यावर तोडगा काढलात : तोच निरोप पुन्हा पाच जणांना. ॲडमिनला दोष देण्यातही अर्थ नाही. सभासदानं काहीही टाकलं तरी निव्वळ ॲडमिन म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये सांगून ठेवलंय. आपला ॲडमिन तेव्हापासून निवांत झोपतो.

दिनचर्येचा विभाग वेगळाच. पाच दहाला ‘उठलो’. सहाला ‘फिरून आलो’. आठला पोहे, दीडला ‘जेवलो, भाकरी-आमटी’, चारला ‘चहा झाला का मंडळी?’ बावन्न माणसं त्याला क्रमानं ‘झाला’ म्हणून कळवतात. शाळेतल्या हजेरीला निदान सुट्टी असायची.

इथं पत्रलेखकाला थोडं थांबावं लागतं. या ग्रुपवर पूर्वी असं नव्हतं. निवडणुका आल्या, आरक्षणावरून दोघे एकमेकांच्या घरी जायचे बंद झाले, एक जण ग्रुप सोडून गेला आणि मग नियम झाला : राजकारण नको, धर्म नको, जात नको. पगार-पेन्शनवरही बोलायचं नाही, कारण कुणाचं काय चुकलं हे निघतं. मुलांविषयी बोललं तर कुणाचा मुलगा फोन करतो आणि कुणाचा करत नाही, हे उघडं पडतं. उरलं काय? पाऊस आणि पोहे. यावर अजून कुणी भांडलेलं नाही. आपण तो विषय उचलून धरलात म्हणून बावन्न जण एका जागी टिकले, हे कबूल करायला हरकत नाही.

आणि त्या फोटोत कप एकच होता. वहिनी गेल्या त्याला दोन पावसाळे झाले. भजी आता आपण स्वतःच तळता, एकट्यापुरती. चारच्या चहाला ‘झाला का’ असं विचारायला घरात कुणी नाही, म्हणून ते बावन्न जणांना विचारलं जातं. हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच आजवर कुणी काही बोललं नाही.

पण म्हणूनच संताप येतो! ज्याला दिवसभर दुसरं काम नाही, ज्याची खुर्ची पहाटे पाचपासून गॅलरीत मांडलेली असते, ज्याच्या समोर अख्खा हायवे आणि नदीचा पूल आहे, असा माणूस या जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. सरकारनं पगार देऊन नेमला असता तरी याहून मोक्याची जागा मिळाली नसती. आणि तो माणूस कॅमेरा कुठं रोखतो? ताटलीवर!

हे आपल्याला जमणार नाही, असंही नाही. कोल्हापूरच्या माणसाला पाणी वाचायला शिकवावं लागत नाही. पूर आला की निम्मं शहर शिवाजी पुलावर पाणी बघायला जातं. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक उंचीला आलं की ते आपोआप उघडतात. ‘तीन नंबरचा दरवाजा उघडला’ एवढं कळलं की प्रयाग चिखलीतला माणूस जनावरं हलवायच्या तयारीला लागतो, कारण ते पाणी काही तासांत खाली येणार हे त्याला ठाऊक असतं. बंधाऱ्याची पातळी फूट-इंचात, वेळेसकट, हातोहात फिरते. 39 ला इशारा, 43 ला धोका, हे आकडे इथल्या पोरांनासुद्धा पाठ असतात. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगा 55 फुटांपलीकडे गेली आणि हायवे दिवसेंदिवस बंद राहिला, तेव्हा आपणच शेजारच्यांना गच्चीवर घेतलं होतंत आणि दर तासाला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, हे कळवत होतात. त्या वेळी फोटोत ताटली नव्हती.

वेळेवर निरोप न मिळाल्याचं दुःख पुण्याच्या मंडळींना विचारा. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत शिरलं. आधी नीट सांगितलं गेलं नाही, ही तिथल्या रहिवाशांची तक्रार होती. सरकारी यंत्रणेनं सांगायला हवंच होतं. त्यावर दुमत नाही. पण नदीकाठी गॅलरी असलेला शेजारी कुठल्याही परिपत्रकाआधी सांगू शकतो, आणि त्याला त्यासाठी एक बोट हलवावं लागतं.

तेव्हा नम्र विनंती अशी. पाऊस लागला की आधी गॅलरीतून हायवेकडं बघावं आणि तीन गोष्टी लिहाव्यात : जागा, वेळ, आणि गाड्या चालल्या आहेत की थांबल्या. कुणी प्रश्न विचारला असेल तर आधी त्याचं उत्तर द्यावं, मग ओव्याचं बघावं. दापोलीकराचा आकडा वाचावा. ‘धो धो’ लिहायला मनाई नाही, पण शेवटी. भज्यांचा फोटो संध्याकाळी, पाणी ओसरल्यावर टाकावा. त्याला आम्ही सगळे बदाम देऊ. आणि चारच्या चहाचा प्रश्न चालू ठेवावा.

कळावे,
ग्रुप म्यूट केलेला, पण न सोडलेला,
एक सभासद

ता. क. : शिरोलीच्या पुलाचा फोटो टाकणार असाल तर त्याच दिवशीचा टाका. 2019 चा सगळ्यांकडे आहे.