शून्यरावांचे पॉइंट

साठ रुपयांचा हातरुमाल. पांढरा, कडेला निळी रेघ. काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे न बघताच विचारलं, "नंबर?"

मी रुमाल उलटसुलट करून बघितला.

"मोबाइल नंबर, काका."

हा नंबर द्यायचा एक विधी आहे. आपण खालच्या आवाजात सांगायचं, त्याने वरच्या पट्टीत परत म्हणायचं आणि रांगेतल्या सात-आठ जणांनी निमूट ऐकायचं. पुन्हा मी पडलो मराठीत आकडे सांगणारा. ‘एकोणऐंशी’ म्हटलं की मुलगा थबकतो. "सेव्हन्टी नाइन की एटी नाइन?" मग मागच्या आजी माझ्या वतीने त्याला एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांतला फरक समजावतात, तो पहिल्यापासून सुरू करतो आणि तिसऱ्या आवर्तनाला माझा नंबर रांगेला मंत्रपुष्पांजलीसारखा पाठ झालेला असतो. हीच माणसं घरी जाऊन ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून सासऱ्यांना दटावतात.

या खेपेला मी म्हटलं, "नाही देणार."

"काका, सिस्टीम पुढे जात नाही."

बिलासाठी नंबरची सक्ती करू नका, असा सल्ला 2023 च्या मे महिन्यातच दिल्लीहून निघाला होता. त्याच ऑगस्टमध्ये वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाही झाला. संमती मोकळेपणाने दिलेली हवी, बिनशर्त हवी. ती कशासाठी मागताय ते राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसांपैकी हव्या त्या भाषेत वाचायची सोय हवी. माहिती नीट सांभाळली नाही तर दंड 250 कोटींपर्यंत. हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कॅरीबॅग हवी?"

मी हटेना, रांग कुरकुरायला लागली. तेव्हा त्याने एक सुस्कारा सोडून दहा वेळा शून्य दाबलं. सिस्टीम पुढे गेली! सुतासारखी! पडद्यावर एक जुनं, मातबर गिऱ्हाईक उगवलं. पॉइंट: अकरा हजार चारशे. म्हणजे माझ्याआधीही कुणीकुणी ‘नाही’ म्हटलं होतं आणि त्या सगळ्यांचा मिळून एक इसम तयार झाला होता. मी त्याचं नाव शून्यराव ठेवलं. शून्यरावांची खरेदी मी मान वाकडी करून वाचली: लंगोट (तान्ह्या बाळाचे), गुडघ्याचे पट्टे, नऊवारी, क्रिकेटची बॅट, केस काळे करायची मेंदी, पुन्हा लंगोट. काय विकणार आहात या माणसाला? पाळणा की काठी? त्याला कर्जतच्या एनए प्लॉटसाठी कुणी फोन करत नाही, ‘प्री-अप्रूव्ह्ड’ कर्ज कुणी देत नाही. दुपारी दोनला, जेवण होऊन नुकता डोळा लागलेला असताना, "सर, दोन मिनिटं बोलू शकते का?" असं त्याला कुणीही विचारत नाही. मला विचारतात! रोज! नावानिशी विचारतात! अरे, माझं नाव तुला दिलं कुणी? ते सांग आधी! तर म्हणे, "डेटाबेसमधून आलंय, सर." डेटाबेस म्हणजे काय आकाश आहे, की नंबर त्यातून पावसासारखे पडतात? कुठल्या तरी काउंटरवर, कुठल्या तरी रुमालापायी, मीच तो ओरडून सांगितलेला असणार.

रुमालाचा एक पॉइंट शून्यरावांच्या खात्यात जमा झाला. मी विजयी मुद्रेने वळलो. तेवढ्यात शेजारच्या काउंटरवरून आमच्या सौभाग्यवतींचा खणखणीत आवाज आला. चहाची गाळणी घेतली होती. ‘यांचा’ नंबर सांगत होत्या. इंग्रजीत, एका दमात, बिनचूक.

तेव्हा वाचकहो, तुमच्या दुकानातही शून्यराव आहेत का, ते एकदा विचारून बघा. फक्त हळू विचारा, मागे रांग आहे.